लेथचा चौथा पाय

आमच्या घरी मोठा लेथ आला त्या दिवशी दारातली तुळस हलवावी लागली. एका बंद पडलेल्या गिरणीच्या सुतारखात्यातलं ते बिडाचं जुनं धूड होतं. लाकूड दोन टोकांत आवळायचं, मोटरनं गरगर फिरवायचं आणि पटाशी टेकवून त्याला गोल आकार द्यायचा, असं ते यंत्र. आठ माणसांनी पाइपांवरून ढकलत, एकमेकांवर ओरडत ते घराच्या पुढच्या सोप्यात आणलं, आणि तुळशीचा कट्टा आडवा आला म्हणून तो फोडून न्हाणीच्या भिंतीशी नेला. आई त्या दिवसापासून म्हणायची, "यंत्र सोप्यात आन देव न्हाणीपाशी." आप्पा, म्हणजे माझे वडील, ते ऐकून मशीनपाशी जात. त्यांचा हात नव्या मशीनच्या पाठीवरून फिरत असे, बैलाच्या पाठीवरून फिरावा तसा. आमच्या सोलापुरातल्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते, त्यांची खटखट दिवसभर चालायची. त्यात आता आमच्या लेथची घरघर मिसळली. शेजारणी म्हणायच्या, तुमचं मशीन लई जड आवाजाचं हाय. मला त्याचाही अभिमान वाटायचा.

आप्पा कातीव काम करत. लाटणी, पोळपाट, पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, मागाला लागणाऱ्या कांड्या. त्याआधीचा त्यांचा लेथ लाकडी चौकटीचा होता, आणि इतका हलका की काम सुरू झालं की तो सोप्यात चालू लागायचा. आप्पा पटाशी धरून त्याच्यामागून एकेक पाऊल सरकायचे. म्हणून त्याच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवायची, आणि ती पोती भरायचं, शिवायचं, ओली वाळू उन्हात सुकवून परत भरायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. वजन हे माझं खातं. लेथवर उभं राहायची मला परवानगी नव्हती; "तुजी वेणी जाईल मशीनमदी" एवढं एक कारण आप्पा चार वर्षं देत आले होते. मी वेणी अंबाड्यात बांधून दाखवली, पदराखाली दडवून दाखवली, ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "पोती बघ, नलू." तर मी पोती बघायची. घरात दुसरं मूल म्हणजे दादा, तो ट्रकवर होता. आठवड्यातले चार-पाच दिवस टेंभुर्णीच्या पलीकडे कुठंतरी. आप्पांच्या पाठीशी उभं राहायला मीच होते, आणि मला पक्कं ठाऊक होतं की आज ना उद्या ती पटाशी माझ्याच हातात येणार.

नवा लेथ जड म्हणून घेतला, पण लांब लाकूड चढवलं की तोही थरथरायचा. लाटण्याला काही नाही, पलंगाच्या पायाला थोडं, आणि खांब चढवला की सगळं अंग हालायचं. पटाशीच्या टोकानं लाकडावर बारीक लाटा उठायच्या. मग आम्ही काय केलं असेल? जे आयुष्यभर करत आलो तेच. आप्पा म्हणाले, "वजन कमी पडतंय," आणि मी कमरेला पदर खोचून उभी राहिले. आधी जुनी पोती, मग नवी पोती, मग वीटभट्टीवरच्या विटा, मग रस्त्याच्या कामावरचा एक दगड. लेथ मुळात आठ माणसांनी आणलेला, त्याला आणखी मी वजन घालत होते. शेवटी माझी नजर आईच्या जात्यावर गेली. पीठ गिरणीतून यायचं तेव्हा ते जातं कोपऱ्यात नुसतं बसून असायचं, पण दादाच्या लग्नात त्याच्यावर हळद दळली होती, त्याला हिरवा चुडा बांधला होता, आणि तो अजून तसाच होता. मी दोन्ही तळ्या उचलून लेथच्या खालच्या फळीवर नेऊन ठेवल्या. आईनं चुड्याचे तुकडे केरात पाहिले आणि दोन दिवस माझ्याशी तोंडी लावण्यापुरतंच बोलली.

दादाचं लग्न त्याच वर्षी उन्हाळ्यात झालं होतं. वहिनी वळसंगची, नाव कस्तुरी. माझ्याच वयाची, रंगानं माझ्याहून काळी, हातानं माझ्याहून सफाईची. तिच्या माहेरी पिठाची गिरणी होती आणि ती लहानपणापासून त्या गिरणीत बसलेली. हे सगळं मला तिच्या सफाईवरून कळत गेलं आणि एकेक कळलं तसं पोटात दुखत गेलं. तिनं थापलेली कडक भाकरी पापडासारखी वाजायची आणि आठ दिवस राहायची. माझी दुसऱ्या दिवशी वातड व्हायची. शेंगाची चटणी मी उखळात कुटली की आप्पा म्हणायचे चांगली झालीय. तिनं कुटली की काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. आई मला समजावायची, नव्याचे नऊ दिवस असतात. मी खरोखर दिवस मोजले. दहाव्या दिवशी आप्पांनी चटणी तिसऱ्यांदा घेतली.

आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. हेवा हा शब्द मी तेव्हा उच्चारत नव्हते. मी म्हणायची, वयनी आगाऊ आहे, वयनी पुढंपुढं करते. खरं तर ती पुढंपुढं करतच नव्हती. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी असायची, सासऱ्याशी सरळ बोलायचीसुद्धा नाही. आमच्याकडे तेव्हा तशी रीतच होती. सुनेनं सासूला आत्या म्हणायचं, सासऱ्याला मामा, आणि सासऱ्याला काही सांगायचं तर सासूमार्फत, मग सासरा दोन हातांवर का बसलेला असेना.

त्या पावसाळ्याच्या अखेरीला शहरातल्या एका विणकर घराण्याचं काम आलं. तेलुगू बोलणारी माणसं, मोठं घर, आणि त्यांना घटस्थापनेच्या आत देव्हारा हवा होता; त्याचे चार कातीव खांब, सागवानाचे, एकेक कमरेइतका उंच. आप्पांनी पहिला खांब चढवला आणि मशीन असं थरथरलं की जात्याची वरची तळी खालच्या तळीवर आपोआप फिरायला लागली. आप्पांनी मोटर बंद केली. "अजून वजन लागंल," ते म्हणाले. मी म्हटलं, "बाजूच्या चुलत्यांचं जातं आणते."

तेवढ्यात दाराआडून वहिनीचा आवाज आला. "आत्या, मामांना म्हणावं, वजन न्हाई कमी पडत. पाय अधांतरी हाय."

आई परातीत पीठ मळत होती. आप्पा तीन पावलांवर. त्यांनी वहिनीकडे न बघता आईला विचारलं, "इचार तिला, कशावरनं?"

"आत्या, मामांना म्हणावं, एक पोस्टकार्ड घ्या आन चारी पायांखाली सारून बघा. ज्याच्याखाली जाईल त्यो पाय जमिनीवर न्हाई."

"मी काय टपाल हाय का?" आई म्हणाली. "बोला की एकमेकांशी. माझी कणीक वाळतीया."

आप्पांनी खरंच पोस्टकार्ड मागवलं. तीन पायांखाली त्याचं टोकही शिरेना. चौथ्याखाली ते निम्मं आत गेलं. लेथ ज्या शहाबादी फरशीवर होता तिचा तो कोपरा खचलेला होता, आणि एवढं आठ माणसांचं वजन तीन पायांवर उभं राहून चौथा पाय हवेत झुलवत होतं. मी घातलेली पोती, विटा, दगड, आईचं जातं, सगळं त्या झुलण्यावर लादलेलं. आप्पा उकिडवे बसून ते पोस्टकार्ड आतबाहेर करत राहिले. मग वहिनी पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलली, जमिनीकडे बघत. "मामा, पोळपाटाला तीन पाय का करता? कसल्याबी भुईवर हालू नाई म्हणून. हेला चार हायत. चार पायाचं धूड किती का जड असंना, आदी चारीबी पाय टेकले पायजेत. आमच्या गिरणीला माझ्या बापूंनी आसंच बसिवलंय. वजन हेच्यात मुळातच लई हाय."

आप्पांनी आयुष्यात हजारो पोळपाट केले होते. तीन पाय का, हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं. ते ठाऊक असलेलं त्यांनी लेथला कधी लावून पाहिलं नव्हतं. त्यांनी शिसवाचा एक तुकडा घेतला, पातळ पाचर काढली, वहिनीनं ती पायाखाली सरकवली, आप्पांनी हातोडीनं दोन टोले दिले, आणि मोटर सुरू केली. खांब फिरला. लेथ उभा राहिला तसा राहिला. जात्याची तळी हलली नाही. आप्पा म्हणाले, "नलू, जातं काढून आत ने." मी जातं उचललं. ते जड नव्हतं असं नाही, पण मला त्या दिवशी त्याचं वजन जाणवलं नाही, इतका माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्यानंतर जे झालं ते आणखी वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी तिला लेथवर बोलावलं. मला वाटलं, पुसायला बोलावलंय. तर ते म्हणाले, "पोरी, डोक्यावरचा पदर काढ आन कमरेला गच खोच. मशीनपुढं डोक्यावर पदर नको." सासऱ्यानं सुनेला पदर काढायला सांगितला. आईच्या हातातलं उलथनं थांबलं. आणि वहिनीनं पदर खोचला, पटाशी हातात घेतली. माझी वेणी चार वर्षं आड आली होती. तिचा पदर एका सकाळीत खोचला गेला. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून संध्याकाळी चोरून दोन धपाटे खाल्ले.

आणि दसरा जवळ येत होता. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसऱ्याला लेथवर नव्या लाकडाचा पहिला छिलका काढायचा, अशी पद्धत. तो छिलका देवापुढं ठेवत आणि तो काढणारा त्या लेथचा धनी. दर वर्षी आप्पाच काढत. त्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले होते. जेवताना ते म्हणाले, "यंदा छिलका मी न्हाई काढणार. पुढं ज्येच्या हातात मशीन जायचं, त्यानंच काढावा." कुणाचं नाव घेतलं नाही. पण माझं असतं तर घेतलं असतं, हे मला समजत होतं.

तीन खांब झाले. चौथ्याचं भरड काम वहिनीनं करायचं, असं आप्पांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं. सकाळी मी सोपा झाडायला गेले. अंथरुणं गुंडाळून झाली होती, आई चुलीपाशी, वहिनी पाण्याला गेलेली. मी लेथपाशी बसले आणि खराट्याच्या दांड्यानं ती पाचर ठोकून बाहेर काढली. माझं म्हणणं एवढंच होतं की मशीन तिच्या हातात थरथरावं. खांबावर लाटा उठाव्यात, आप्पांनी कपाळाला आठ्या घालाव्यात, आणि म्हणावं, नलू, पोती आण. बस. एवढ्यासाठी. पाचर मी आत नेऊन माझ्या अंथरुणाच्या वळकटीत खुपसली आणि केर भरायला परत आले.

आणि आप्पा लेथवर येऊन उभे राहिले. वहिनी घागर उतरवून पदर खोचत आली, तर ते म्हणाले, "थांब पोरी. शेवटचा हाय, ह्यो मी घेतो. तू नुसती बघ." त्यांनी खांब चढवला. दोन्ही टोकं आवळली. पटाशीची धार अंगठ्यावर पाहिली. ह्या सगळ्याला वेळ लागतो. मी खराटा हातात घेऊन उभी होते आणि मला तेवढा सगळा वेळ होता. 'आप्पा, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढं 'का' असा प्रश्न आला असता, आणि वहिनी तिथंच उभी होती. तिच्यासमोर ते उत्तर देण्यापेक्षा मला गप्प राहणं सोपं वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही पाचर काढणं नव्हे. ती ही दोन मिनिटं.

मोटर लागली. मशीन हाललं, आप्पांना वाटलं लाकूडच वाकडं आहे, म्हणून त्यांनी पटाशी जरा जोरानं टेकवली. लाकडानं ती पकडली. दांडा उसळून त्यांच्या डाव्या हातावर बसला, खांब टोकातून सुटून भिंतीवर गेला. आप्पा ओरडले नाहीत. हात छातीशी धरून खाली बसले. मोटर वहिनीनं बंद केली; मला ते सुचलं नाही. रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा शेजारी तीच बसली, तिच्याच पदरात तो हात होता, आणि खरं सांगायचं तर रिक्षा गल्लीतून वळताना मला त्याचासुद्धा हेवा वाटला.

दुपारी प्लास्टर घालून आप्पा परत आले. त्यांना आडवं करायला घाईघाईनं अंथरूण घातलं. दोन बोटं मोडली होती. ती पुढं कधी पूर्ण मिटली नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "पायाखालची पाचर कुटं गेली?"

मी उंबऱ्याशी होते. वहिनी म्हणाली, "मामा, मी सकाळी फरशी धुताना काढली. ठेवायची इसरले."

आप्पांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आईला म्हणाले, "भाकरी वाढ." पुढचे चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिनं चौथा खांब पुरा केला तेव्हासुद्धा नाही. मला वाटलं, तिला खरंच वाटत असणार की तिनंच काढली. फरशी तर ती रोज धुते. त्या संध्याकाळी मी माझी वळकटी उघडायला गेले तर आप्पांना घातलेलं अंथरूण माझंच होतं, आणि पाचर कुठंच नव्हती. अंथरुणं आई बघायची. म्हणजे आईला सापडली. आई काही बोलली नाही. मीही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी आईपुढं वरच्या आवाजात बोलणं सोडलं. तिचे पाय चेपले, तिच्या शिळ्या भाकरीला नावं ठेवली नाहीत, लग्नानंतर सांगोल्याला नांदायला गेले तरी दर सणाला तिच्यासाठी डाळिंबं घेऊन आले. शेवटच्या आजारपणात महिनाभर तिच्या उशाशी बसले. ती सगळ्यांना सांगायची, माझी नलू लई गुणाची. ते ऐकून मला दर वेळी वाटायचं, आता ही पाचरीचं काढणार.

दसऱ्याला आप्पांनी गळ्यातल्या झोळीत हात ठेवून सांगितलं, "कस्तुरी, छिलका काढ." सागवानाचा तो छिलका लांब निघाला, न तुटता, तिच्या पायाशी वेटोळं घालून पडला. मी हळदीकुंकवाचं ताट धरून उभी होते. मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती. वाटत होता तो हेवाच. माझ्याच हातानं मी आप्पांची बोटं घालवली आणि लेथ तिच्या ओटीत टाकला, हे कळत असूनही रागवत होते तिच्यावरच. माझ्या लग्नात तिनं मला शिसवाचा पोळपाट करून दिला, तीन पायांचा. मी तो तिच्या हातचा म्हणून सांगोल्याला दहा वर्षं माळ्यावर टाकला होता. तिनं पाठवलेल्या निरोपांना मी उशिरा उत्तरं दिली. तिच्या मुलीच्या बारशाला ताप आल्याचं सांगितलं. ताप नव्हता.

आता आप्पा नाहीत, आई नाही, दादा ट्रक सोडून घरी बसलाय. मी सोलापुरातच परत राहायला आलेय, चालत दहा मिनिटांवर. वहिनी अजून रोज सकाळी लेथवर उभी राहते, केस पांढरे, पदर तसाच कमरेला. गेल्या दसऱ्याला मी गेले होते. तिची नात मोबाइलवर काहीतरी पाहत म्हणाली, "आजी, हितं सांगतायत की लेथला वाळूची पोती लावायची म्हणजे हालत न्हाय. आपल्या लेथला का न्हाई?" वहिनी पटाशी पुसत म्हणाली, "त्ये आत्याआजीला इचार. वजन त्यांचं खातं." आणि माझ्याकडे बघून हसली.

नात आत गेल्यावर मी सांगून टाकलं. पाचर मी काढली होती, आप्पांची बोटं माझ्यामुळे गेली, आईला ते माहीत होतं आणि तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, असं सगळं. वहिनी ऐकत होती, पटाशी पुसत.

"आत्यांना, तुमच्या आईला, कुटलं म्हाईत," ती म्हणाली. "मामांना आडवं करायला मी वरची वळकटी सोडली, ती तुमची निगाली. पाचर माझ्या हातात आली. मी चुलीत घातली."

म्हणजे आप्पांनी विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मग मी विचारलं, "मग माझं नाव का नाही घेतलंस, वयनी?"

"घेतलं असतं तर तुमी माझ्याशी बोलला नसता," ती म्हणाली. "तुमचे दादा ट्रकवर. मामांशी बोलायची रीत न्हाई. त्या घरात माझ्या वयाचं बोलायला दुसरं कोण हुतं, वन्सं?"

तिनं मोटर लावली. मी तिथंच बसून राहिले. इतकी वर्षं मी ज्या आईशी नरमाईनं वागले, तिला काहीच ठाऊक नव्हतं.